चौथीचं दूध

भरलेला कॅन फलाटावर टेकला की दबका आवाज होतो आणि रिकामा कॅन वाजतो. हे ओळखायला काही विद्या लागत नाही, पण त्या शनिवारी सकाळी झाशी स्टेशनच्या फलाटावर भीमराव सपकाळ्यांना ते पाठमोरे उभे असतानाच कळलं. कानपूरकडून आलेल्या पॅसेंजरमधून हमाल दुधाचे कॅन उतरवत होते. एक वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. बाराही वाजले.

पहिल्या कॅनच्या कडीला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. मोठ स्टेशनवर गावोगावचं दूध गोळा करून गाडीत चढवणारा कंपनीचा माणूस जयसिंग, त्याचं ते अक्षर. 'आज भादों बदी चौथ आय. दूद नईं मिलहै. अपुन खों तो पैलेंई बता दई ती.'

आधीच सांगितलं होतं, हे अगदी खरं होतं. भीमरावांनी ते लिहूनही ठेवलं होतं. आणि घोटाळा नेमका तिथेच झाला होता.

भीमराव हे पहूज डेअरी कंपनीचे दूधबाबू. मूळचे भुसावळचे, रेल्वेने बदली केली म्हणून झाशीला आले आणि यार्डात डबे जोडायचं-तोडायचं काम करू लागले. सन बावन्नमध्ये दोन बफरांमध्ये डावा हात सापडला आणि दोन बोटं यार्डातच राहिली. रेल्वेने हलकं काम देऊ केलं. साहेबाच्या कचेरीबाहेर स्टुलावर बसायचं आणि घंटी वाजली की आत जायचं. भीमरावांनी ते आठ दिवस केलं आणि नवव्या दिवशी राजीनामा दिला. बायको रुक्मिणी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माणूस हट्टी होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

डेअरीत त्यांना पसंत पडण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे तिथेही सगळं गाडीच्या वेळेवर चालायचं. कंपनी तशी जुनी. गोविंदराव आठल्यांच्या वडिलांनी ती इंग्रजांच्या काळात काढली होती, स्टेशनवरच्या रिफ्रेशमेंट रूमला लोणी पुरवायला. पुढे साहेब गेले, त्यांचे टोस्ट गेले आणि लोण्याचं गिऱ्हाईकही गेलं, तेव्हा गोविंदरावांनी दुधाचा धंदा धरला. कामाला माणसं सगळी रेल्वे कॉलनीतली. बॉयलरसुद्धा भंगारात निघालेल्या एका इंजिनाचा, आणि त्याच्यापुढे बसणारे यशवंत इंगळे हे निवृत्त फायरमन. कॅन धुणाऱ्या अकरा बायका होत्या. कुणाचा नवरा पॉइंट्समन, कुणाचा खलाशी, आणि चौघींचे नवरे हयात नव्हते. या अकरा जणींना भीमरावांनीच दारोदार जाऊन, शब्द देऊन आणलं होतं. नव्वद दिवस धुवा, मग तुम्ही कायम, असा तो शब्द होता.

शब्दामागे कारण होतं. एक जूनपासून कंपनीला मुलांच्या सरकारी इस्पितळाचं काम मिळालं होतं. रोज दुपारी चारच्या आत चार कॅन दूध, तापवून, थंड करून, सीलबंद. नव्वद दिवस परीक्षेचे. त्यात एक दिवस जरी खाडा झाला तर काम पुन्हा जुन्या ठेकेदाराकडे. तो ठेकेदार रोज चारला इस्पितळाच्या फाटकाशी टांग्यात बसून असे. उगाच हवा खायला नाही, आज तरी गाडी चुकते का ते बघायला. काम गेलं तर मोठचं दूध बंद, धुणं बंद आणि अकरा जणी घरी, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. आजचा दिवस शहाऐंशीवा होता.

कॅन हातगाडीवर घालून भीमराव डेअरीत आले तेव्हा बायका पदर खोचून तयार होत्या. त्यांनीही आवाज ऐकला. सगळ्यांत थोरल्या कमळाबाई पुढे आल्या आणि त्यांनी एका कॅनचं झाकण उचलून पाहिलं.

"भाऊ, हे काय?"

भीमराव सरळ कचेरीत गेले आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभे राहिले.

हा तक्ता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रेल्वेच्या वेळापत्रकासारखा त्यांनी तो स्वतः आखला होता. कोणत्या दिवशी कोणत्या गावचे किती कॅन येणार, कुठे लग्नं, कुठे जत्रा, कुठे म्हशी आटतात, सगळं महिन्यांच्या घरांत भरलेलं. यंदा जानेवारीत सुरू झालेल्या मोठच्या दुधाचं तर त्यांना कोण कौतुक. दुधाचा कस आकड्यात दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरला डेअरीत नुसतं काच म्हणत. ती मोठच्या दुधात बुडवली की रोज सव्वीसवर थांबायची. सव्वीसच्या खालचं दूध परत पाठवायचं असा नियम होता. पण मोठ कधी पंचवीसवर गेलं नाही आणि कधी सत्तावीसवर चढलं नाही. 'असं नियमित दूध मी पाहिलं नाही,' असं ते ज्याला त्याला सांगत.

तक्त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'मोठ बंद. समथर बंद. कारसदेवाची चौथ.' पण ते भाद्रपद वद्य चतुर्थीच्या घरात होतं, आजच्या घरापासून महिनाभर पुढे.

गोविंदराव मागे येऊन उभे राहिले. सहा पिढ्या झाशीत काढलेल्या घरातला माणूस. त्यांनी एकदा तक्ता पाहिला, एकदा चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"भीमराव, आज आपली तिथी कोणती?"

"श्रावण वद्य चतुर्थी. संकष्टी. माझा उपास आहे, दादासाहेब."

"आणि त्यांची?"

इथे थोडं पंचांग सांगावं लागेल. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं जमतं, पण राखीपौर्णिमा उलटली की आपण अजून श्रावणातच असतो आणि बाकीची झाशी मात्र भादोंत शिरलेली असते. जुन्या घरांना हे पाळण्यापासून माहीत. आठल्यांच्या माजघरात दोन पंचांगं शेजारीशेजारी टांगलेली असत. भीमरावांच्या घरी एकच होतं, आणि ते दर वर्षी भुसावळहून मेहुणा पाठवायचा. तीन दिवसांपूर्वीच रुक्मिणी भाजी घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "अहो, भाजीवाली सांगत होती, भादों लागला म्हणून." त्यावर या शहाण्याने तिलाच ऐकवलं होतं की श्रावण अजून अर्धा शिल्लक आहे, त्या बाईला काय कळतंय.

"चूक माझी आहे," भीमराव म्हणाले. "जयसिंगने जानेवारीतच सांगितलं होतं. मी चुकीच्या घरात लिहिलं."

गोविंदरावांचा मुलगा शशिकांत बी.एस्सी. होऊन नुकताच कंपनीत आला होता. तो सायकलवरून प्रेम नगरच्या गोठ्यांकडे गेला आणि पाऊण तासात अर्धा कॅन घेऊन परतला. बाकीचं दूध उजाडायच्या आतच हलवायांनी नेलं होतं.

"इसमें सेपरेटचं, लोणी काढलेलं दूध आणि पाणी घालून चार कॅन होतात, पिताजी," तो म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"ज्या कॅनवर मी सील ठोकतो, त्यात ते जाणार नाही," भीमराव म्हणाले.

"फिर क्या जाएगा? हवा?"

घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेआठला कानपूरकडे जाणारी पॅसेंजर सुटते, हे भीमरावांना घड्याळ न पाहताही माहीत होतं. त्यांनी चार रिकामे कॅन आणि भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या हातगाडीवर टाकायला सांगितल्या. दारातून निघताना त्यांनी बायकांकडे पाहिलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

मोठ स्टेशनवर जयसिंग त्यांना बघून चाट पडला. "बाबूजी, आज कछू नईं हो सकत. कारसदेव की चौथ है. दूद बेचो तो ढोर मर जात."

"मुझे चबूतरे पर ले चल," भीमराव म्हणाले.

गाव दोन मैलांवर. बैलगाडी, चिखल, आणि बैल आपल्या चालीने चाललेले. भीमराव दर पाच मिनिटांनी खिशातलं घड्याळ काढत होते. परतीची गाडी एक चाळीसला. ती चुकली तर पुढची संध्याकाळी, आणि संध्याकाळचा काही उपयोग नव्हता.

कारसदेव म्हणजे बुंदेलखंडातला गुराढोरांचा राखणदार. गावाबाहेर निंबाखाली त्याचा चबुतरा, म्हणजे मातीचा ओटा, त्यावर मातीचे घोडे. डमरूसारखी ढाक वाजत होती, माणसं गोटा, म्हणजे त्या देवाची गाणी, गात होती आणि बाया घागरी-लोट्यांतून सकाळचं दूध आणून ओट्याशी ठेवत होत्या. इतकं दूध समोर होतं आणि त्यातला एक थेंबही विकत मिळणार नव्हता. भीमरावांनी चपला काढल्या. ओट्याशी बसलेल्या म्हाताऱ्या भगतापुढे ते उभे राहिले आणि सवयीने बोलून गेले की दुप्पट भाव देतो.

ढाक थांबली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. जयसिंगने मान खाली घातली.

भगत शांतपणे म्हणाला, "आज भाव की बात नईं होत, भैया."

भीमरावांचे कान तापले. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता. स्टुलावर बसून पगार नको म्हणणारा माणूस तो. पण नजरेपुढे कमळाबाई झाकण उचलून उभ्या होत्या. त्यांनी टोपी काढली, बोटं तुटलेला हात आणि धड हात असे दोन्ही जोडले आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. आपल्या हातून तिथीची चूक झाली. इस्पितळात मुलं आहेत. आज दूध गेलं नाही तर अकरा बायकांच्या चुली विझतील. "बेचो मत," ते म्हणाले. "मांगने आया हूँ."

भगताने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"मोड़ा-मोड़ियन के लानें है?" त्याने विचारलं. मुलाबाळांसाठी आहे का?

"हाँ."

"सो मांगवे वाले खों आज नाहीं नईं करत. पै सुन लो. जो देवता को दूद है. न नापियो, न परखियो, न बेचियो." मागणाऱ्याला आज नाही म्हणत नाहीत; पण मोजायचं नाही, तपासायचं नाही, विकायचं नाही. "बोलो, कबूल?"

आणि भीमराव अडले. चार वर्षांत त्यांनी एक कॅन तपासल्याशिवाय पुढे सोडला नव्हता. तीसचाळीस घरांचे लोटे, ऑगस्टचा उकाडा, आणि त्यातला एक लोटा जरी आंबट निघाला तरी अख्खा कॅन फाटणार. पिणार कोण, तर आजारी मुलं. न तपासता घ्यायचं म्हणजे त्या सगळ्यांच्या हाताच्या स्वच्छतेवर आणि प्रामाणिकपणावर विश्वास टाकायचा. पिशवीत काच होती. ती त्यांच्या बरगडीला टोचत होती.

"कबूल," ते म्हणाले.

चाल अशी होती की मागणाऱ्याने पहिल्या लोट्यातलं दूध तिथेच प्यायचं. भीमराव उपाशीपोटी ते प्यायले. दूध गोड होतं, दाट होतं. पण तो एक लोटा झाला. बाकीच्या घरांच्या घागरी नि लोटे समोरच्या कॅनमध्ये ओतले जात होते आणि ते नुसते बघत उभे होते. चार कॅन सोबत आणले होते, चारही भरले. मध्येच एक बाई काळपट लोटा घेऊन आली तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे झाला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

एक चाळीसची गाडी त्यांनी पकडली ती अक्षरशः गार्डाने हिरवी निशाणी हलवल्यावर. जयसिंग आणि दोन हमालांनी कॅन ढकलून आत घातले. ब्रेकव्हॅनमध्ये कॅनना बर्फ लावून भीमराव त्यांच्याजवळच बसले. वाटेत एका सिग्नलला गाडी बारा मिनिटं उभी राहिली. त्या बारा मिनिटांत त्यांनी गार्डाला, ड्रायव्हरला आणि स्वतःच्या मेहुण्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

डेअरीत पोचले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. यशवंतरावांनी बॉयलर धगधगता ठेवला होता.

शशिकांत काच आणि चव बघायला पळी घेऊन धावत आला. "पहले देख तो लें."

भीमरावांनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला. "नाही. शब्द दिलाय."

"भीमरावजी, आप समझते नहीं. यातलं एखादं आंबट असेल तर सगळं फुकट जाईल. शब्द कुणाला, मातीच्या घोड्यांना?"

"मला दूध ज्यांनी दिलं त्यांना."

शशिकांतने बापाकडे पाहिलं. गोविंदराव भीमरावांच्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "ओता." आणि थोड्या वेळाने, "आजचं बिल द्यायचं नाही इस्पितळाला."

दूध मोठ्या हौदात गेलं. वाफ सुटली. खराब दूध असेल तर ते तापताना कळतं. आधी कडेला बारीक दाणे दिसतात आणि मग बघता बघता सगळं फाटतं. अकरा बायका, यशवंतराव, बापलेक, सगळे हौदाभोवती उभे राहिले. कमळाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं. भीमराव कडेला वाकून बघत होते आणि घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तापमानाचा काटा चढत गेला. एकदा कडेला काहीतरी पांढरं गोळा झाल्यासारखं दिसलं आणि त्यांना वाटलं, गेलं. त्यांनी डोळे मिटले.

"साय आहे, भाऊ," कमळाबाई म्हणाल्या. "नुसती साय आहे ती."

दूध फाटलं नाही. थंड नळ्यांमधून ते खाली आलं, चार कॅन भरले, सील ठोकलं. इस्पितळाच्या चिठ्ठीवर काचेचा आकडा लिहावा लागे. "सव्वीस लिहून टाका, रोजच असतो," शशिकांत म्हणाला. भीमरावांनी पेन्सिल थुंकीने ओली केली आणि आकड्याच्या जागी लिहिलं, 'मोजलेले नाही'. खाली सही केली.

फाटकाशी पोचायला चारला चार मिनिटं कमी होती. ठेकेदार टांग्यात ताठ बसला. इस्पितळाच्या मोठ्या सिस्टर केरळच्या, कडक बाई; त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. "ये क्या लिखा है?"

"सिस्टर, मैंने नहीं नापा. वचन था. आप नापिए, आपका वचन नहीं है."

सिस्टरनी आतून स्वतःची काच मागवली. कॅन उघडला. आणि भीमराव पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण परखायचं नाही म्हणजे बघायचंही नाही, असा त्यांचा हिशेब. फाटकावरचा पहारेकरी हसला. भीमरावांना हसू येण्याची शक्यता नव्हती. मागे काच दुधात गेल्याचा बारीक आवाज आला.

"इकतीस," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दुसरा कॅन पाहिला. "इकतीस." मग त्यांनी पावतीवर वेळ घातली, तीन अठ्ठावन्न, आणि विचारलं, "ऐसा दूध रोज क्यों नहीं लाते?"

टांगा वळून निघून गेला. पण भीमरावांना त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता तो झालाच नाही. रोज सव्वीस. कधी पंचवीस नाही, कधी सत्तावीस नाही. ज्या नियमितपणाचं ते चार जणांत कौतुक करायचे तो म्हशींचा नव्हता, रोज नेमकं तेवढंच पाणी घालणाऱ्या सरावलेल्या हाताचा होता. तपासलं की सव्वीस आणि विश्वासाने मागितलं की एकतीस. घरी जाताना त्यांना स्वतःची फार लाज वाटली आणि मोठच्या लोकांचा रागही आला, आणि यातलं काय जास्त होतं ते त्यांना ठरवता येईना.

चार दिवसांनी नव्वद पुरे झाले. अकरा जणी कायम झाल्या. कमळाबाईंनी डेअरीत पेढे वाटले. रुक्मिणीने घरात दुसरं पंचांग आणून टांगलं आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, हे भीमरावांना जास्त लागलं.

पुढे महिनाभराने भाद्रपद वद्य चतुर्थी आली. तक्त्यावर लाल पेन्सिलीने 'मोठ बंद' तसंच होतं. भीमरावांनी ते मुद्दाम खोडलं नव्हतं. त्या सकाळी बाराही कॅन भरून आले आणि जयसिंग काही कामासाठी त्याच गाडीने झाशीला आला होता. भीमरावांनी फलाटावरच झाकण उघडलं आणि काच सोडली. सव्वीस.

त्यांनी जयसिंगकडे पाहिलं. जयसिंग कसनुसा हसला.

"चौथ तो कड़ गई, बाबूजी." चौथ होऊन गेली की.

"मोड़ा-मोड़ी तो वेई हैं, जयसिंग," भीमराव म्हणाले. मुलं तर तीच आहेत.

ते रागाने म्हणाले नव्हते. झाकण लावलं, चिठ्ठीवर सव्वीस लिहिलं आणि हातगाडी ओढायला सांगितली. जयसिंग फलाटावर उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मोठचं दूध अठ्ठावीसवर थांबलं. एकतीस नाही, अठ्ठावीस. मग ते तिथेच राहिलं. भीमराव आणखी एकोणीस वर्षं दूधबाबू होते. दर वर्षी भादोंच्या चौथीला ते कॅन आणि बर्फ घेऊन मोठला जात, टोपी काढून मागत, आणि ते दूध न मोजता, बिल न करता मुलांच्या इस्पितळात पोचवत. काच त्या दिवशी घरी ठेवून जात. त्यामुळे झालं असं की ज्या आकड्यासाठी माणसाने उभी नोकरी खर्ची घातली, तो एकतीस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिला नाही.